पंप बसविताना

पंप म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे विहीर उभी राहते. हा दोष माझ्या वयाचा असेल किंवा माझ्या आजोळचा असेल. पण पुस्तकांच्या कपाटाशेजारी, लिहिण्याच्या मेजावर, एका काचेच्या पेटीत बसवावयाचा पंप ही वस्तू गेल्या चैत्रापर्यंत माझ्या स्वप्नातही आली नव्हती. आकार चहाच्या पेल्याएवढा, आणि त्याने पाणी पाजावयाचे ते उसाला नव्हे, केळीच्या बागेला नव्हे, तर एका संगणकाला! माझ्या भाचीने हा बेत प्रथम बोलून दाखविला तेव्हा मी नुकतेच वर्तमानपत्र उघडले होते. ते मी पुन्हा घडी करून ठेवले आणि तिला विचारले, "विजेच्या यंत्रात पाणी घालावयाचे?"

"यंत्रात नव्हे, मामा. यंत्राशेजारून," ती म्हणाली.

या 'शेजारून' शब्दात पुढे सबंध महिना गेला.

घरची परिस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. सदाशिव पेठेतले आमचे बिऱ्हाड अडीच खोल्यांचे. त्यातल्या अर्ध्या खोलीत भाचीचा मुक्काम. ती एका संशोधनसंस्थेत प्रथिनांच्या रेणूंचा अभ्यास करते. हे रेणू म्हणे क्षणभर स्वस्थ बसत नाहीत. त्यांची हालचाल कशी होते हे गणिताने काढावयाचे, आणि निमिषाच्या कोट्यंशात जे घडते ते काढावयास यंत्राला चार-चार दिवस लागावयाचे. संस्थेतल्या मोठ्या यंत्रावर पाळी लागते. म्हणून लहानसहान गणिते घरी करून पाहण्यासाठी तिने शिष्यवृत्तीतून दोन वर्षे पैसे साठवून स्वतःचे यंत्र जुळविले. भिंतीपलीकडच्या खोलीत माझी आई झोपते. तिचे वय चौऱ्याऐंशी. गेल्या वर्षी तिला मोठे दुखणे झाले आणि त्यातून उठल्यावर डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली एकच वाक्य लिहिले: रात्रीची झोप मोडता कामा नये.

आणि यंत्राला तर रात्रीच कंठ फुटत असे. त्याच्या पोटात एकंदर सात पंखे. उन्हाळ्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की आमच्या पत्र्याखालच्या खोल्या मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. मग ते सातही पंखे अशा काही आवेशाने फिरू लागत की पेठेतली बंद पडलेली पिठाची गिरणी पुन्हा सुरू झाली की काय असे वाटावे. आई तक्रार करीत नसे. पण सकाळी ती चहाचा पेला हातात घेऊन नुसतीच बसून राही, आणि तिच्या डोळ्यांखाली काय दिसते ते पाहण्यास डॉक्टराची जरूर नव्हती. शेवटी भाचीच एके दिवशी म्हणाली, "मामा, मी वसतिगृहात जागा पाहते." हे ती हळू आवाजात म्हणाली होती, परंतु आमच्या भिंती जर तेवढ्या जाड असत्या तर मुळात हा प्रश्नच उद्भवला नसता. पलीकडून आईचा आवाज आला, "ती गेल्यावर मला झोप लागेल असे कोणी सांगितले?"

तेव्हा यंत्र घरात राहावयास हवे होते, मुलगी घरात राहावयास हवी होती, आणि आवाज मात्र घरातून जावयास हवा होता. पाण्याचा बेत यातून निघाला.

यातले शास्त्र मला समजले ते असे. संगणकाचे जे दोन भाग विशेष तापतात त्यांच्यावरून हवा फुंकण्याऐवजी त्यांच्या माथ्यावर तांब्याची एक पोकळ चकती बसवावयाची आणि तिच्यातून पाणी खेळवावयाचे. पाणी उष्णता उचलते, नळीतून एका जाळीदार बंबाकडे जाते, तेथे ती हवेला देऊन टाकते आणि परत येते. मोटारीचा रेडिएटर ज्याने पाहिला आहे त्याला यात नवीन काही नाही. हवेला न जमणारे काम पाण्याला जमते याचे कारण असे की आकारमानाला आकारमान धरले तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेऊ शकते. बंबावर पंखे लागतातच, पण बंब ऐसपैस असल्याने ते मोठे आणि संथ ठेवता येतात, आणि संथ पंखा हा घरात एखाद्या शहाण्या माणसासारखा वावरतो, असून नसल्यासारखा.

पुण्याला हे सर्वस्वी नवीन आहे असेही नाही. १९८८ साली याच शहरात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' उभा केला. पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' बसविण्यात आला, तो तापलेल्या भागांपर्यंत थेट द्रव नेऊनच थंड ठेवण्याची योजना आहे. त्याही आधी, १९८५ साली अमेरिकेत सेमूर क्रे यांनी जो क्रे-२ बाहेर काढला त्याची सारी मंडले वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवूनच ठेवलेली असत. हे सगळे मला भाचीने सांगितले ते माझा धीर वाढावा म्हणून. परंतु सरकारी महासंगणकाजवळ इंजिनियर उभे असतात. आमच्या मेजाजवळ मी उभा राहणार होतो.

आता पंपाची निवड. मी प्रथम तपकीर गल्लीत जाऊन आलो. या गल्लीत विजेची कोणतीही वस्तू मिळते अशी माझी तरुणपणापासूनची श्रद्धा आहे, आणि पंपही मिळाले. कूलरचे, कारंज्याचे, माशांच्या पेटीतले. भाचीने ते पाहिले आणि मला न दुखावता बाजूला ठेवले. तिच्या कागदावर दोनच नावे होती: डी-५ आणि डी.डी.सी. दोन्ही मूळ एकाच जर्मन कुळातली, लाइंग नावाच्या संशोधकाच्या घराण्याची. डी-५ थोराड आणि शांत. पुऱ्या वेगाने सोडला तर तासाला दीड हजार लिटर पाणी फिरविण्याची त्याची ताकद, आणि जोर जेमतेम चार मीटर उंचीच्या स्तंभाएवढा. डी.डी.सी. अंगाने लहान, पाणी कमी फिरविणार, पण रेटा अधिक, पाच मीटरांच्या घरातला. मात्र अंग लहान असल्यामुळे तो स्वतः लवकर तापतो आणि त्याचा स्वर काहीसा किनरा आहे, असे ज्यांनी तो वापरला त्यांचे म्हणणे.

मी लागलीच डी.डी.सी.च्या बाजूने मत दिले. माझा युक्तिवाद बिनतोड होता. बंब बसणार पेटीच्या माथ्यावर, पंप तळाशी. म्हणजे पाणी वर चढवावयाचे. म्हणजे ज्याचा रेटा अधिक तो पंप चांगला. आजोळच्या विहिरीवर याच हिशेबाने पंप घेतलेला मी पाहिला होता: पाणी किती पुरुष खोल, शेत किती उंच, म्हणून किती अश्वशक्ती.

भाची म्हणाली, "मामा, विहिरीचे पाणी शेतात जाते, ते परत येते का?"

या एका प्रश्नाने माझा हिशेब कोसळला. बंद वर्तुळातले पाणी जेवढे चढते तेवढेच उतरते. एकदा नळ्या भरल्या की उतरणारे पाणी चढणाऱ्याला ओढून घेते. रहाटाच्या दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी बांधल्या तर त्याला ओढावयास वजन उरतच नाही, उरते ते फक्त कण्याचे घर्षण. तेव्हा उंचीचा प्रश्न नाही, प्रश्न अडथळ्याचा. तांब्याच्या चकतीच्या पोटात कागदाच्या घडीसारखी बारीक पाती असतात, त्यांच्या फटींतून पाणी घासत जाते. बंबाच्या चपट्या वाहिन्या, नळीची वळणे, जोडण्या, या प्रत्येकाचा थोडा थोडा जकातनाका. पंपाचा सारा जोर ही जकात भरण्यात जातो. जकात फार असेल तर रेट्याचा पंप घ्यावा. बेताची असेल तर शांत पंप घ्यावा. आमच्या वर्तुळात दोन चकत्या आणि दोन बंब, जकात बेताची. डी-५ ठरला.

एक की दोन, हा मुद्दा मात्र तीन दिवस चालला. एकामागे एक असे दोन पंप जोडले तर त्यांच्या रेट्याची बेरीज होते आणि एक मेला तरी दुसरा पाणी हलते ठेवतो. मी स्वभावाने भित्रा, म्हणून दोन म्हणत होतो. भाचीने किंमत दाखविली. एका पंपाच्या पैशात सोसायटीच्या टाकीचा पंप सहज आला असता, आणि हा तर पुऱ्या जोराने चालूनही तेवीस वॅट खाणारा, म्हणजे एका अश्वशक्तीचा बत्तिसावा हिस्सा. एक ठरला. उरलेल्या पैशात आईच्या खोलीला दुहेरी पडदा आला, आणि तो निरुपयोगी ठरला, हे येथेच सांगून टाकतो.

पंप टपालाने आला त्या दिवशी आईने तो हातात घेऊन पाहिला. तिचे माहेर कुंडलच्या बाजूचे, किर्लोस्करवाडीहून हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना घातला आणि १९२६ साली तेथे पहिला केंद्रोत्सारी पंप तयार झाला. त्यांच्या कारखान्याची 'खबर' १९२० साली निघाली, तिचे पुढे मराठीतले एक नामांकित मासिक झाले. नांगर, पंप आणि लघुकथा एकाच आवारातून महाराष्ट्रात गेल्या, याची मला नेहमीच मौज वाटत आली आहे. आजोबांनी मोट सोडून विहिरीवर इंजिन आणि पंप बसविला तेव्हा आई शाळकरी मुलगी होती. इंजिनाचा ठोका चुकला की आजोबा जेवणावरून उठत, आणि आई कंदील घेऊन त्यांच्यामागे जाई. हे सारे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याचा कधी उपयोग होईल असे मात्र वाटले नव्हते.

तिने पंप उलटा करून पाहिला आणि विचारले, "याची ग्लँड कोठे आहे?"

भाचीला ग्लँड माहीत नव्हती. विहिरीवरच्या पंपाचा दांडा कवचातून बाहेर येतो, तेथून पाणी गळू नये म्हणून मेण लावलेली दोरी ठासतात. ती झिजली की थेंब सुरू. डी-५ मध्ये दांडाच नाही. आतला फिरता भाग अर्ध्या गोळ्याच्या आकाराचा, एका चिनीमातीच्या मण्यावर तोललेला, आणि त्याला बाहेरून फिरवितो तो चुंबक; मध्ये अखंड भिंत. म्हणून गळावयास जागा नाही. मात्र तो मणी आणि त्याची बैठक यांना वंगण म्हणून जे काही मिळते ते फिरणारे पाणीच. आईने हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे कोरडा चालवू नये."

हे वाक्य मी त्याच दिवशी ऐकले असते तर बरे झाले असते. संध्याकाळी भाची बाहेर गेली असता, आवाज कसा आहे एवढेच पाहावे म्हणून मी पंपाला वीज जोडली. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत त्याने जो कर्कश सूर काढला तो ऐकून आई पलीकडून "बंद कर!" म्हणून ओरडली, आणि मी बंद केला. भाचीला हे मी सांगितले नाही. आता सांगत आहे.

पाणी कोणते घालावयाचे यावरही घरात चर्चा झाली. खडकवासल्याचे पाणी पिऊन तीन पिढ्या वाढल्या, तेव्हा ते यंत्राला का चालू नये, असे माझे म्हणणे. परंतु नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते चकतीच्या बारीक पात्यांत बसतात. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसले ऊर्ध्वपातित पाणी, आणि त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे चार थेंब. एक बंब स्वस्तात मिळत होता, तो भाचीने परत पाठविला; तो ॲल्युमिनियमचा होता. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तिच्या चकत्या तांब्याच्या, वर निकेलचा पातळ मुलामा दिलेला. आई म्हणाली, "कल्हई आहे म्हण की." मला वाटते त्या वस्तूचे याहून नेमके वर्णन कोणी केले नसेल. कल्हईवाला आमच्या पेठेतून नाहीसा झाला त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्याची विद्या अशा आडवाटेने परत आली होती.

जोडणीचा दिवस रविवार. नळ्या कापणे, जोडण्यांच्या पेचांत रबरी कडी बसविणे, हे काम आम्ही दोघांनी मिळून केले. पंपाच्या बाजूलाच पाण्याचे भांडे ठेवले आणि दिसावयास बरी दिसावी म्हणून त्यांच्यामधली नळी मी कमानीसारखी वर उचलून पुन्हा खाली आणली. वीजपेटीच्या जुडग्यातली हिरवी तार भाचीने एका काळ्या तारेशी टाचणीने जोडली. असे केले म्हणजे यंत्राचे बाकीचे अवयव निर्जीव ठेवून एकट्या पंपालाच वीज देता येते. भांडे भरले. बटण दाबले. पंप घुरघुरला, आणि पाणी जागचे हलले नाही.

पुन्हा दाबले. पुन्हा घुरघुर. भाचीचा चेहरा उतरला. पंपच बिघडलेला आला असावा असे तिला वाटले. आणि मला ते दोन सेकंद आठवून घाम फुटला. कोरडा चालवू नये म्हणून आम्ही प्रत्येक वेळी लगेच बंद करीत होतो, आणि प्रत्येक वेळी मी मनात कबुलीजबाब जुळवीत होतो.

आई चौकटीच्या घोडीवर भार देत दारात येऊन उभी राहिली. तिने क्षणभर ऐकले. "याच्या पोटात वारा आहे," ती म्हणाली. "पाणी पाजल्याशिवाय पंप कधी पाणी उचलतो का? आधी त्याला पाज."

आणि मग तिने विहिरीवरची सारी हकीकत सांगितली: ओढनळीच्या तळाशी जो झडपेचा फुटव्हॉल्व्ह असतो, ज्याला गडी 'फुटबॉल' म्हणत, तो गळला की रात्रीतून नळी रिकामी होई, मग सकाळी नरसाळ्यातून बादल्यांमागून बादल्या ओतावयाच्या, आणि तरीही पाणी ठरेना तर शेणकाला ओतावयाचा, म्हणजे फटी बुजत. पंख्याच्या पात्यांत हवा असली की पाती नुसती हवा घुसळतात. हवेचे वजन पाण्याच्या मानाने अगदीच नगण्य, त्यामुळे ती पाण्याला ओढू शकत नाहीत. केंद्रोत्सारी पंपाचा हा जन्मजात स्वभाव आहे, मग तो कृष्णाकाठी बसवा की सदाशिव पेठेत. माझ्या हौसेच्या कमानीत वरच्या वळणावर हवेचा गोळा अडकून बसला होता आणि पाणी पंपापर्यंत पोहोचतच नव्हते.

"शेणकाला नको, आजी," भाची म्हणाली. आणि त्या दिवशी प्रथमच हसली.

आम्ही कमान मोडली. भांडे पंपाच्या वर आणले, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच त्याच्या पोटात उतरेल. या वेळी बटण दाबताच घुरघुर एकाएकी बदलली, जाड झाली, खाली बसली, आणि नळीतून पाण्याची जीभ सरसर पुढे गेली. "धरले!" आई म्हणाली. विहिरीवर पाणी आले की आजोबा हाच शब्द उच्चारीत असत.

पाणी धरले तरी हवा संपत नाही. बंबाच्या कोपऱ्यांत, चकतीच्या पात्यांत ती बुडबुड्यांच्या रूपाने दडून बसते आणि पंपातून जाताना खडखड करते. सबंध पेटी उचलून तिला डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे कलवावी लागते. आम्ही मामा-भाची पालखीच्या भोयांसारखे ते ओझे घेऊन तासभर डुलत होतो. पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जो नळ आणला त्याच्या वाटेवर जागोजाग उसासे ठेवलेले असत, हे मी पूर्वी वाचले होते. नळात कोंडलेल्या वाऱ्याला बाहेर पडावयास वाट हवी, हे त्या कारागिरांस ठाऊक होते. त्यांच्याजवळ पंप नव्हता, उतार होता. माझ्याजवळ पंप होता, आणि उसासे मी स्वतःच टाकीत होतो.

चोवीस तास नुसते पाणी फिरवून पाहावयाचे, यंत्राला वीज द्यावयाची नाही, हा भाचीचा नियम. मला तो अवाजवी वाटला. संध्याकाळपर्यंत एक थेंबही गळला नव्हता; रात्रीच गणित सुरू केले तर तिचा एक दिवस वाचला असता, आणि तसे मी सुचविलेही. तिने मान हलविली आणि पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राचे कागद पसरून ती झोपली. पहाटे दोनच्या सुमारास मी पाणी प्यावयास उठलो आणि सवयीने दिवा लावून डोकावलो. कागदावर रुपयाएवढा ओला डाग होता.

मी तसाच उभा राहिलो. डागाच्या सरळ वर यंत्राचा सर्वांत महाग भाग होता. त्यातून त्या वेळी वीज वाहत असती तर दोन वर्षांची शिष्यवृत्ती आणि अर्धवट झालेले गणित, दोन्ही त्या एका थेंबाबरोबर गेली असती. भाचीला उठविले. तिने बोटाने चाचपून जागा शोधली. एका पेचातली रबरी कडी पिळवटून चिरडली होती. तो पेच मी आवळला होता. हाताने आवळून पुरे म्हणून तिने सांगितले असताना पान्ह्याने आवळला होता, अधिक घट्ट म्हणजे अधिक सुरक्षित अशा समजुतीने. तिने काही न बोलता नवी कडी घातली, दोन बोटांनी पेच फिरविला आणि घड्याळ पाहिले. चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचे होते. त्याच वेळी मी तिला पंप कोरडा चालविल्याचेही सांगून टाकावयास हरकत नव्हती. पण पहाटे दोन वाजता माणसाच्या प्रामाणिकपणाला मर्यादा असते.

दुसरी चोवीस तासांची कसोटी कोरडी पार पडली. आता राहिला आवाज, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. डी-५ चा वेग मिनिटाला अठराशे फेऱ्यांपासून अठ्ठेचाळीसशेपर्यंत कमीजास्त करता येतो. वेग जास्त तेवढे थंड, ही माझी आणखी एक समजूत. भाचीने वहीत हिशेब करून दाखविला: यंत्र चारशे वॅट उष्णता टाकते असे धरले आणि पाणी मिनिटाला चार लिटर फिरले, तर एका फेरीत ते दीड अंशानेही तापत नाही. वेग दुप्पट करून यातून फार तर पाऊण अंश वाचणार. आणि पाणी कितीही फिरविले तरी ते खोलीच्या हवेहून थंड होणे नाही. माठातले पाणी थंड होते ते पाझरून बाष्प होते म्हणून, आणि आमचा माठ तर सर्व बाजूंनी बंद. तेव्हा पंपाला पळविण्यात अर्थ नव्हता. तो किती हळू चालावा, एवढेच ठरवावयाचे.

हे ठरविण्यासाठी आईहून चांगले उपकरण आम्हांस उपलब्ध नव्हते. रात्री दहा वाजता ती आपल्या खाटेवर पडली, दिवे मालवले, आणि भिंतीअलीकडून भाची वेग बदलत गेली. मी दारात उभा राहून विचारावयाचे, "आता?"

अठ्ठेचाळीसशे. "डास."

साडेतीन हजार. "डास, पण लांबचा."

पंचवीसशे. बराच वेळ काही नाही, मग, "चालू आहे का?"

आम्हांला वाटले, याच्याही खाली गेलो तर दुधात साखर. दोन हजारांवर आणले, तो आई म्हणाली, "हे काय घुमते आहे? माझ्या उशाखाली घुमते आहे." आम्ही चकित झालो. पंपाला कान लावला तर तो आणखी शांतच झाला होता. पण मेजावर हात ठेवला तेव्हा उमगले. त्या वेगाला मेजाची फळी त्याच्याशी सूर जुळवीत होती. फळी भिंतीला टेकलेली, भिंतीला खाट टेकलेली, आणि पंपाची ती बारीक थरथर अशी हातोहात आईच्या उशापर्यंत पोहोचत होती. हवेतून येणारा आवाज आम्ही मारला होता. लाकडातून जाणाऱ्याचा विचारच केला नव्हता. दुहेरी पडदा व्यर्थ का गेला त्याचाही उलगडा येथे झाला.

मेज भिंतीपासून चार बोटे ओढले. पंपाखाली घालावयास भाचीने मऊ रबराची गादी मागविलेली होती, पण ती यावयास आठवडा लागणार होता. आईने आपल्या जुन्या गोधडीचा एक फाटका कोपरा कापून दिला. चार पदरी घडी करून तो पंपाखाली घातला आणि त्याच्यावर पंप सैलसा बांधला. वेग पुन्हा पंचवीसशेवर आणला. मी दारातून विचारले, "आता?" उत्तर आले नाही. "आई, आता?" मी पुन्हा विचारले. भाचीने मागून माझी बाही ओढली. आई झोपली होती.

रबराची गादी पुढे आली, पण ती अजून वेष्टनातच आहे.

नंतर यंत्राला वीज दिली, गणिते सुरू झाली. मे महिन्यात खोली तेहतीस अंशांवर असताना पाणी बेचाळिसाच्या आसपास राहिले. पूर्वी नव्वदीला टेकणारे भाग साठीच्या आत आले. वसतिगृहाचा विषय पुन्हा निघाला नाही. परंतु निःशब्द यंत्राचे एक दुखणे असते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते: ते चालू आहे की थांबले हे कानाला कळत नाही. पंखा बंद पडला तर शांतता होते आणि माणूस जागा होतो. येथे शांतता तर अगोदरचीच. भाचीने याचीही तजवीज करून ठेवली आहे. पंपातून निघणारी एक बारीक तार यंत्राला त्याच्या फेऱ्या कळविते, आणि फेऱ्या थांबल्या तर यंत्र स्वतःच काम बंद करते. या तारेवर माझा विश्वास आहे. तरी रात्री एकदा मी उठतो आणि अंधारात नळीला हात लावून पाहतो. नळी कोमट असते, आणि बोटांना अगदी हलकी थरथर लागते.

गेल्या आठवड्यात असाच उठलो तर तेथे कोणी तरी आधीच उभे होते. आई घोडीला टेकून, दोन बोटे नळीवर ठेवून, नाडी पाहावी तशी उभी होती.

"झोपली नाहीस?" मी विचारले.

"झोपले होते. मधूनच जाग आली," ती म्हणाली. "चालू आहे. जा तू." मग परत वळताना तिने विचारले, "याचे पाणी कधी बदलायचे?"

वर्षाने एकदा, असे भाचीने सांगितले होते. ते मी तिला सांगितले. आईने थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयात नरक चतुर्दशीच्या चौकोनात, अभ्यंगस्नानाच्या वेळेखाली, तिच्या थरथरत्या अक्षरात एक शब्द लिहिलेला मला दिसला: पंप.